मामाच्या २१२ कॅसेटी

१५ जून २०२४, शनिवार

ठाण्यात नौपाड्यातली मामाची इमारत पुनर्विकासाला जाणार हे किती वर्षं ऐकत होतो, आता खरंच जातेय. ३० तारखेच्या आत जागा रिकामी करायची. मामा-मामींना पाचपाखाडीत भाड्याने जागा मिळाली आहे, पण एक खोली कमी. आज सामान बांधायला गेले तेव्हा माळ्यावरून पाच खोकी खाली आली. सगळी कॅसेटींची. मामी म्हणाली, "एवढं तरी टाक गं बाई कुठेतरी, तिकडे ठेवायला फडताळसुद्धा नाही." मामा वर्तमानपत्रात डोकं घालून बसला होता, पण पान काही उलटत नव्हतं. मी म्हटलं, मी नेते.

रिक्षात बसल्यावर लक्षात आलं, आपल्याला यातलं ओ की ठो कळत नाही. नाट्यगीतं, भावगीतं लहानपणापासून कानावर आहेत. पण ख्याल, म्हणजे आलाप-तानांचं रागदारी गाणं, सुरू झाला की मी आजवर उठून चहा टाकत आलेय. वय ४३. दोन कामं एकत्र करायचं ठरवलं. कॅसेटी संगणकावर घ्यायच्या आणि घेता घेता ऐकायला शिकायचं. त्यासाठी ही वही.

१६ जून, रविवार

मोजणी. एकूण २१२. त्यातल्या १३१ साठ मिनिटांच्या, ८१ नव्वद मिनिटांच्या. म्हणजे २५२ तास ३० मिनिटं. लेक म्हणाला, "आई, भरभर पळवून घे ना." तसं होत नाही. फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या तिच्या चालीने चालणार, आणि तास म्हणजे तास.

सात कॅसेटींना पांढरी बुरशी. या हवेत वेगळं काय होणार. त्या वेगळ्या डब्यात ठेवल्या, एकीची दुसरीला लागायला नको. निम्म्याअधिक विकतच्या आहेत, बाकी मामाने रेडिओवरून घेतलेल्या. त्याच्या बारीक अक्षरात 'मन्सूर, रा. ९॥', 'कुमार, पाऊस फार, खरखर आहे' असं काहीबाही (म्हणजे गवई मल्लिकार्जुन मन्सूर आणि कुमार गंधर्व). शनिवारी रात्री साडेनऊला आकाशवाणीवर राष्ट्रीय कार्यक्रम असायचा, त्या वेळी घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही, हे मला आठवतंय. माझ्या लेखी ती शिक्षा होती.

२२ जून, शनिवार

मामाचा कॅसेट डेक उघडला. आतला रबरी पट्टा विरघळून डांबर झालेला. दोन तास कापूस आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन बसले, नखं अजून काळी आहेत. लॅमिंग्टन रोडवरून नवा पट्टा आणवला आणि जवळच्या दुरुस्तीवाल्याकडून बसवून घेतला. त्याने "मोटरचा वेग पण सेट करून दिलाय मॅडम" असं आपणहून सांगितलं. तेव्हा बरं वाटलं होतं. (पुढे १४ जुलै पाहा.)

३० जून, रविवार

पहिली कॅसेट. डेकमधून साउंड कार्ड, तिथून लॅपटॉप, ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. तासाला साधारण १ जीबी. सगळ्या मिळून २६० जीबीच्या आसपास जातील, नंतर फ्लॅकमध्ये दाबल्या की बऱ्याच कमी होतील. आवाजाची पातळी ठरवताना गाणाऱ्याकडे न बघता तबल्याकडे बघायचं, हे पहिल्या पाच मिनिटांतच कळलं. आलापीत सुई निवांत असते आणि पहिल्याच तिहाईला (एकच तुकडा तीनदा वाजवतात ती) लाल होते.

सुरुवात किशोरी आमोणकरांच्या भूप रागाने केली, कारण 'सहेला रे' निदान नावाने तरी माहीत होतं. पण ती बंदिश मागाहून येते, आधी विलंबित, म्हणजे संथ लयीतली 'प्रथम सूर साधे'. नवव्या मिनिटाला मी झोपले. खटका पडून डेक बंद झाला तेव्हा जाग आली. कॅसेट व्यवस्थित उतरली आहे. ऐकणारीचं काय झालं ते लिहून झालं.

३ जुलै, बुधवार

ऑफिसमधून येताना पाचपाखाडीला उतरले. झोप लागल्याचं मामाला सांगितलं. मला वाटलं चिडेल. तो म्हणाला, "चांगलं आहे. बेसूर गाण्यात झोप लागत नाही."

मग अर्धा तास तो बोलला. कित्येक महिन्यांत इतकं बोलला नव्हता. मी नेटवरून दहा थाटांची यादी पाठ करत होते, ती त्याने बाजूला ठेवायला लावली. "भातखंड्यांनी ती मांडणी केली ती रागांची वर्गवारी करायला. तुला सध्या वर्गवारी करायची आहे का? आधी सम पकड."

सम कशी पकडायची तर मात्रा मोजून नाही. विलंबित एकतालाच्या बारा मात्रा मोजायला गेलं की सातव्या-आठव्याला माणूस घसरतोच. (मी घड्याळ लावून पाहिलं, एक आवर्तन ५२ सेकंदांचं होतं.) मामाचं म्हणणं, मुखडा पाठ कर. बंदिशीची पहिली ओळ जिथे येऊन टेकते ती सम. गवई कितीही लांब फिरायला गेला तरी त्याच दारातून घरात येतो. आलापाच्या शेवटी तो मुखड्याचे पहिले शब्द उचलतो, तेव्हा आपण सावध व्हायचं. तबल्यावर कान ठेवायचाच असेल तर मध्यलयीचा तीनताल घे, म्हणाला. काल (तालातला टाळीऐवजी मोकळ्या हाताचा भाग) आला की डग्गा चार मात्रा तोंड मिटून बसतो आणि परत घुमायला लागला की सम जवळ आली समजायचं.

भूपाचं सांगताना त्याने देशकारही काढला. दोघांचे स्वर तेच पाच, सा रे ग प ध (ग म्हणजे गंधार, प पंचम, ध धैवत). मग वेगळं काय? "आमच्या इमारतीत तळमजल्यावर आणि पहिल्या मजल्यावर खोल्या सारख्याच होत्या ना? पण खालचे अण्णा दिवसभर ओट्यावर आणि वरच्या काकू स्वयंपाकघरात. भूप गंधारापाशी बसतो, देशकार वर धैवतापाशी. एक संध्याकाळचा, एक सकाळचा." मी मान डोलावली. तेव्हा काहीच कळलं नव्हतं.

मामाला विचारलं, एखादी कॅसेट आणून लावू का? "नको. तू ऐक."

८ जुलै, सोमवार

रात्रभर पाऊस कोसळला, सकाळी लोकल ठप्प. ऐरोलीला ऑफिसात जायचा प्रश्नच नव्हता. खोक्यात 'पाऊस' लिहिलेली एक गड्डी होती. चार कॅसेटी उतरवल्या, सगळे मल्हार. मियाँ मल्हारात दोन्ही निषाद (कोमल आणि शुद्ध नी) एकमेकांना घासून येतात आणि कोमल गंधार जागच्या जागी झुलतो. हे मला आपलं आपण कळलेलं नाही, मामाला फोन केला तेव्हा त्याने सांगितलं. पण सांगितल्यावर ऐकू आलं. खिडकीबाहेर तेच चाललेलं असताना हे कळायला शास्त्र लागत नाही, असं म्हणायचा मोह होतो. खरं तर फोन लागला.

आज एकूण सहा तास ऐकलं. तीनतालातल्या द्रुत, म्हणजे जलद बंदिशीत सम सलग अकरा वेळा बरोबर सापडली. बाराव्या वेळी मांडीवर हात मारला आणि गायिका पुढे निघून गेली. तिने मुद्दाम सम चुकवून नंतर गाठली होती. म्हणजे मला फसवता येतं. फसायलाही काहीतरी यावं लागतं, ही माझी प्रगती.

१४ जुलै, रविवार

वाईट दिवस. वरच्या मजल्यावर गाण्याच्या बाई राहतात, क्लास घेतात. त्या वाटी परत द्यायला आल्या आणि दारातच थबकल्या. "ही कोण? अमुक ना? पण इतकी वर कशी गातेय? बाईंचा सूर काळी चार, हे पांढरी सहाला चाललंय." मी गायिकेची तीच नोंद नेटवर काढली. तिथे २७ मिनिटं १२ सेकंद, माझ्या फायलीत २५ मिनिटं ४० सेकंद. बरोबर अर्धा स्वर, म्हणजे सुमारे सहा टक्के जास्त वेग. दुरुस्तीवाल्याने वेग 'सेट' केला होता तो हा.

दोन आठवडे मी सगळी गाणी चढ्या आवाजात ऐकत होते आणि मला पत्ता नव्हता. बाईंना दारातून कळलं. त्या समजूत घालत म्हणाल्या, "तुम्हाला पण कळेल, तंबोरा ऐकत राहा." हे सगळेच म्हणतात.

मोटरच्या मागे एक बारीक भोक असतं, आत स्क्रू. विकतची कॅसेट लावून, नेटवरची नोंद समोर ठेवून तो केसभर-केसभर फिरवत जुळवला. आधीच्या चौदा कॅसेटी पुन्हा घेणार नाही, सॉफ्टवेअरमध्ये वेग ०.९४४ पट करून चालवून घेतल्या.

प्रश्न उरतो मामाच्या स्वतःच्या रेकॉर्डिंगचा. ती त्याच्या जुन्या टू-इन-वनवर (रेडिओ आणि कॅसेट एकत्र) झालेली, त्याचा वेग काय होता कोण सांगणार? इथे लेकाचा उपयोग झाला. त्याने आवाजाचा वर्णपट उघडून दाखवला. जुन्या रेकॉर्डिंगात विजेची बारीक घूं असते, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे फितीवरची ती रेघ ५० वर दिसली पाहिजे. ती ५१ वर असेल तर फीत दोन टक्के जोरात पळतेय. माझ्या डेकची स्वतःची घूं वेगळी, ती ५० वर ठाम असते. म्हणजे दोन रेघा एकमेकींवर आल्या की झालं. ज्या खरखरीला मी शिव्या देत होते तिनेच मोजपट्टी दिली.

२१ जुलै, रविवार

गुरुपौर्णिमा. वरच्या बाईंच्या विद्यार्थ्यांचा कार्यक्रम, शाळेच्या हॉलमध्ये. दोन तंबोरे, एक पेटी, सतरंज्या, आणि मागे वडे. मुलं घाबरत गायली, एका मुलीने मालकंस गायला. तिच्यासाठी तंबोऱ्याची पहिली तार उतरवून पुन्हा लावली. मी शेजारच्या बाईंना विचारलं का, तर मालकंसात पंचमच नाही, म्हणून पंचमाची तार मध्यमावर आणतात. कॅसेटवर हे कधीच दिसणार नव्हतं.

खरा फायदा वेगळाच. तंबोऱ्यापासून आठ फुटांवर बसले होते. त्यातून नुसता 'सा' निघत नाही. घोडीवर तारेखाली सुताचा बारीक दोरा असतो, त्यामुळे तार झणझणते (हीच जवारी) आणि आत बरेच आवाज असतात. दहा मिनिटं तेच ऐकलं, गाण्याकडे दुर्लक्ष करून. घरी येऊन क्रमांक १ ची कॅसेट पुन्हा लावली. तंबोरा आहे, पण गोधडीत गुंडाळल्यासारखा.

२८ जुलै, रविवार

गोधडीचं कारण सापडलं. डेकच्या हेडचा, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाचा, कोन. ज्या यंत्रावर ध्वनी भरला त्याचं हेड आणि माझं हेड एका रेषेत नसलं की तीव्र आवाज पुसले जातात. हेडच्या बाजूला स्प्रिंगवाला स्क्रू असतो. हेडफोन लावून, तंबोऱ्यावर कान ठेवून, पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे. एका जागी जवारी एकदम उघडली. शनिवारची अख्खी दुपार गेली आणि चार कॅसेटींना चार वेगळे कोन लागले. पण मी तंबोऱ्यावर यंत्र लावलं. महिन्यापूर्वी मला तंबोरा आणि पंखा यांत फरक कळला नसता.

या आनंदात संध्याकाळी मामाला घरी घेऊन आले. मन्सुरांची रेडिओवरची कॅसेट, खास जपून ठेवलेली, स्पीकरवर लावली. दोन मिनिटांत त्याने कानातली दोन्ही यंत्रं काढून टेबलावर ठेवली.

"कॅसेट खराब झालीय. तंबोरा थरथरतोय. पाण्याखालून येतोय."

मी ऐकलं, लेकाने ऐकलं. तंबोरा स्वच्छ होता.

मग हळूहळू बाहेर आलं. तीन वर्षांपूर्वी श्रवणयंत्रं लावली तेव्हापासून बोलणं नीट ऐकू येतं, गाणं येत नाही. लांब लावलेला सूर हलतो. तंबोरा, बासरी, सगळं. त्याला वाटलं, वयाने कान बिघडला. कोणाला सांगितलं नाही. कॅसेटी माळ्यावर टाकल्या. "उगाच वाईट ऐकून जुनं ऐकलेलं कशाला घालवा," एवढंच म्हणाला. मामीला हे आजच कळलं. ती फोनवर बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "मला वाटलं, कंटाळा आला असेल."

४ ऑगस्ट, रविवार

मामाच्या कानांसाठी १७ तारखेची वेळ मिळाली. तोवर सोपं काम, म्हणजे ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून मामाच्या मित्राने भरून दिलेल्या सहा कॅसेटी. खरखर आहे, राहू दे. पहिल्या कॅसेटीतली कढईत तळल्यासारखी चरचर सॉफ्टवेअरने काढून पाहिली, तर आवाजाची सालच निघाली. परत मूळ ठेवलं.

मला कोणी विचारलं की कुठून सुरुवात करू, तर मी आता या तबकड्या सांगेन. लोक यमन राग सांगतात, सांगू देत. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. ज्या माणसाला बैठकीत तासभर लागायचा त्याला तेवढ्यात राग उभा करून दाखवायचा होता. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली 'पिया बिन नाही आवत चैन' सलग सात वेळा ऐकली. सात वेळा म्हणजे कितीसा वेळ, विलंबिताच्या एका बाजूइतकासुद्धा नाही. तिसऱ्या वेळी आवाज कुठे वळणार ते आधी कळलं. पाचव्या वेळी मी ते वळण त्याच्या आधी मनात घेतलं. सातव्या वेळी कणीक तिंबायची राहिली होती ते आठवलं.

त्याच कॅसेटीत केसरबाई केरकर. त्यांची 'जात कहाँ हो' ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीवर गेली, तीही साडेतीन मिनिटांचीच. व्हॉयेजर १ उडालं ५ सप्टेंबरला, केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. मामा म्हणतो, परग्रहावर कोणी ऐकलीच तर त्यांना वाटेल भैरवीने सुरुवात करतात. आपल्याकडे भैरवी झाली की चपला शोधायच्या.

१० ऑगस्ट, शनिवार

बुरशीच्या सातांपैकी चार साफ झाल्या. अंगणात, तोंडाला मास्क लावून. फीत हळू फिरवत कोरड्या मऊ कापडातून काढायची. तीन गेल्या.

१७ ऑगस्ट, शनिवार

मामाबरोबर कानाच्या दवाखान्यात. तिथल्या मुलीने समजावून सांगितलं ते असं. यंत्राचा स्वतःचा आवाज त्याच्याच माइकमध्ये शिरला की शिट्टी वाजते, म्हणून ती दाबायची सोय आत असते. सलग, न हलणारा सूर आला की यंत्राला वाटतं हीच ती शिट्टी. ते तिला दाबायला जातं आणि सूर थरथरतो. शिवाय ही यंत्रं बोलण्यासाठी घडवलेली, हळू आवाज मोठा आणि मोठा आवाज हळू करून सगळं सपाट करतात.

म्हणजे मामाचा कान नव्हे, यंत्र तंबोऱ्याला शिट्टी समजत होतं. तीन वर्षं.

तिने गाण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम टाकून दिला, बटण दाबलं की बदलतो. मामाने विचारलं, "हे आधी का नाही सांगितलं?" ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही गाणं ऐकता हे तुम्ही आधी सांगितलं नाहीत." यंत्रं पहिल्यांदा ज्या ठिकाणी घेतली तिथे विचारायला हवं होतं की नाही, हा वेगळा मुद्दा. मी रिक्षात मांडला, मामाने ऐकून घेतला नाही. तो बटण दाबून रिक्षाचं इंजिन ऐकत होता.

संध्याकाळी परीक्षा. तंबोरा हलत नाही. पण खर्ज नाही. या यंत्रांतून खालचे आवाज फारसे येतच नाहीत. म्हणून दुसरा उपाय, यंत्रं काढून मोठे, कान झाकणारे हेडफोन. लेकाने त्याच्यासाठी फायलींची वेगळी प्रत केली, वरचे आवाज थोडे उचललेली, कारण वयाने तेच आधी जातात. मूळ प्रतीला हात लावायचा नाही, हा नियम. पहिली प्रत जास्त उचलली गेली, मामा म्हणाला पेटी चावते. दुसरी जमली.

अमीर खाँचा मारवा लावला. विलंबित, फार विलंबित. मामा डोळे मिटून बसला. मारव्यात 'सा'वर टेकत नाहीत, आसपास फिरत राहतात. किती वेळ झाला तरी घरी जात नाहीत. मला अस्वस्थ व्हायला लागलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती अस्वस्थता कंटाळ्याची नव्हती. 'सा' कधी लावतात याची मी वाट बघत होते. लागला तेव्हा मामाचा हात मांडीवरून किंचित उचलला गेला. माझाही. कोणी काही बोललं नाही, मामीने शिरा आणून ठेवला तो गार झाला.

२७ ऑगस्ट, मंगळवार

दहीहंडी. चौकात भिंतींएवढे स्पीकर. खिडक्यांची तावदानं थरथरताहेत. काम बंद. मामाचा फोन, "मी दोन्ही यंत्रं काढून ठेवलीत. म्हातारपणाचे फायदे."

१ सप्टेंबर, रविवार

३६ ते ३९. चारही गवई रामभाऊ मराठ्यांच्या. रामभाऊ ठाण्याचेच, त्यामुळे मामा त्यांच्याबद्दल नातेवाइकाबद्दल बोलावं तसं बोलतो. मला आधी त्यांच्या तानांचा धाक वाटायचा, फटाक्यांची माळ लागल्यासारख्या. आता लक्षात येतं की तान कितीही वेडीवाकडी गेली तरी मुखड्याच्या दारात बरोबर उभी राहते. तरी पण जास्त तानांनी माझं डोकं दुखतं. मामाला हे सांगितलं. "मग आलापवाले ऐक. सगळं आवडायला तू काय समीक्षक आहेस?"

लेकाने मध्येच विचारलं, हे सगळं नेटवर आहे तर एवढा खटाटोप कशाला? सगळं नाही, रेडिओवरचं नाही, हे खरं. पण विकतच्या कॅसेटींपुरतं त्याचं बरोबर आहे. माझ्या फोनवर हे राग केव्हापासून आहेत. तिथे मी दोन मिनिटं ऐकून पुढचं लावते. इथे बाजू संपेपर्यंत उठता येत नाही, पातळी बघत बसावं लागतं. मला ऐकायला बसवलं ते त्या लाल सुईने.

८ सप्टेंबर, रविवार

गणपती घरात, पाहुणे येऊन गेले. मामा-मामी राहायला आहेत. जेवणं झाल्यावर क्रमांक ४१ घेतली. मामाने भरलेली, कागद ओला होऊन शाई पुसलेली. काहीच वाचता येत नाही. गायकही ओळखता येईना. आवाज लांबून येतोय, म्हणजे टू-इन-वनच्या आधीची असणार, रेडिओपुढे माइक धरून भरलेली.

पाच मिनिटांनी मी वहीत लिहिलं, 'भूप'. मध्यम नाही, निषाद नाही, पाच स्वर. मला स्वतःचं कौतुक वाटलं. कोणी न सांगता पहिला राग.

तेवढ्यात फितीवर मागून भांड्याचा आवाज, कावळा, आणि अगदी स्पष्ट, तरुण आवाजात मामी: "अहो, दूधवाला आलाय, पातेलं द्या!"

आम्ही सगळे हसलो. मामी म्हणाली, "पुसून टाक गं ते. आणि बघ, तेव्हाही पातेलं शेवटी मीच नेलं असणार." मी म्हटलं पुसणार नाही. मग माझी ट्यूब पेटली. दूधवाला म्हणजे सकाळ. रेडिओवर सकाळी भूप कशाला लावतील? मी 'भूप' खोडून 'देशकार' लिहिलं आणि मामाला दाखवलं.

त्याने हेडफोन काढला. "दूधवाल्यावरून राग ओळखलास?"

"हो."

"मग उद्या ट्रकच्या हॉर्नवरून काफी ओळखशील. खोड ते. बाजू पहिल्यापासून लाव आणि मला सांग, तो बसतो कुठे."

पुन्हा लावली. गायक पंचमाला स्पर्श करून वर जायचा आणि धैवताला धरून थांबायचा. खाली गंधाराकडे यायचा तो वाटेत आल्यासारखा, पाय न टेकता. भूपात किशोरीताई त्या गंधारावर किती वेळ बसतात ते आता माझ्या कानात होतं. म्हणून इथे ती जागा मोकळी दिसली. ओटा रिकामा, माणूस स्वयंपाकघरात. मी मामाला तसंच सांगितलं.

तो म्हणाला, "लिही."

लिहिलं. क्र. ४१, अ बाजू, देशकार, गायक अज्ञात, विलंबित एकताल, २२ मि. ०५ से., मध्ये दूधवाला. ब बाजू कोरी.

शिल्लक १७१, त्यातल्या बुरशीने गेलेल्या तीन वजा. या चालीने अजून जवळजवळ वर्ष.

क्र. ४२ ची फीत सुरुवातीलाच तुटलेली आहे. सेलोटेप लावायची नाही, तिचा चिकटा हेडला लागतो. जोडपट्टी आणायची. मामाने मध्येच विचारलं, ४२ वर काय आहे. कागदावर फक्त 'जोगकंस, परत ऐकणे' एवढंच आहे, म्हटलं. तो म्हणाला, मग लवकर जोड.